माळढोक शेतकऱ्याने मारला म्हणणाऱ्यांनी आधी नान्नजला यावं

ज्वारीचं कणीस

परवा आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत फिरत आली. पिवळ्या पट्टीत मथळा, 'शेतकऱ्याच्या हव्यासाने महाराष्ट्राचा माळढोक गिळला'. खाली फोटो तणमोराचा, म्हणजे भलत्याच पक्ष्याचा, ते एक असो. मजकूर असा की सोलापूरकडच्या लोकांनी माळ नांगरले, ऊस लावला, पक्षी मारून खाल्ले, आणि आता सरकारने उरलेल्या जमिनी सरळ काढून घ्याव्यात. खाली पंचवीस जणांचे हात जोडलेले.

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लांबण लावतोय.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. माळढोकासाठी ओळखलं जाणारं नान्नज दुचाकीवर वीस मिनिटं. आज्जाच्या काळात आमचं रान म्हणजे मुरमाड, रब्बीची ज्वारी, कडेला करडई, पावसाळ्यात जमलंच तर हुलगा-मटकी. निम्मं रान दोन वर्षांतून एकदा पडीक असायचं. माळढोक तिथेच हिंडायचा. नाकतोडे खायचा, बोरं खायचा. आज्जा सांगायचा, माणूस दिसला तरी हा लगेच उडायचा नाही, मान ताठ करून दोन ढांगा बाजूला चालायचा, पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखा. पाऊस लागला की नर गळ्याची पिशवी खाली सोडून 'हूम्म' करायचा, ते पार वस्तीवर ऐकू यायचं. कुणी दगड मारला नाही त्याला.

मग 1979 साली अभयारण्य झालं. सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटर. अख्खी बृहन्मुंबई चौदा वेळा मावेल एवढं. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने करमाळ्यासारखं गावसुद्धा आत घेतलं. त्यात सरकारी माळ किरकोळ, बाकी आमची सातबाऱ्याची रानं. आणि अभयारण्य म्हटलं की वारसा सोडून नवा हक्क लागत नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायचं ठरलं, खरेदीखत होईना. शेवटी शंभराच्या स्टँपवर लिहून दिलं, बाजारभावाच्या निम्म्याने. तेव्हापासून आमच्या घरात माळढोकाचं नाव निघालं की वडील ताटावरून उठायचे. ज्या पक्ष्याला आज्जा 'आपला' म्हणायचा, त्याला वडील 'त्यांचा' म्हणायला लागले. हा बदल कुणी केला ते सांगा, मग हव्यासाचं बोला.

दुर्बीणवाला

लेख मनापासूनचा आहे, पण अर्धाच आहे. जमीन विकता येत नव्हती म्हणता. ऊस लावता येत होता ना? कूपनलिका घेता येत होती ना? उजनीचं पाणी आलं आणि हुलगा-मटकीवाला जिल्हा बघता बघता कारखान्यांचा जिल्हा झाला. तो काही नकाशावर रेघ ओढणाऱ्याने केला नाही.

मादी वर्षाला एक अंडं घालते. एक. तेही उघड्या जमिनीवर, घरटं नावाचं काही नाही. जवळपास चार आठवडे बसते. तेवढ्यात ट्रॅक्टरचा फाळ आला, वस्तीवरचं कुत्रं आलं, संपलं ते वर्ष. अशा पक्ष्याला 'आम्ही दगड मारला नाही' याचा काय उपयोग? दगड न मारता संपवलात.

2011 पासून हा आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. पुढची पायरी 'निसर्गातून नामशेष'. सगळे मिळून रानात दीडशेच्या आत, आणि ते जवळजवळ सगळे जैसलमेर-पोखरणकडे. कच्छात उरल्या त्या नुसत्या माद्या, नर नाही. आपल्याकडे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी सत्तरच्या दशकात हा पक्षी लोकांच्या नजरेला आणून दिला, त्यावर अभयारण्य उभं राहिलं. त्यांनी हे बघायला नको होतं.

ज्वारीचं कणीस

@दुर्बीणवाला, कुलकर्णी सरांबद्दल आम्हालाही आदर आहे, त्यांना मध्ये आणू नका. ज्वारीला भाव काय मिळतो माहितीये का? हुरडा पार्टीला पुण्याहून येता तेव्हा ताटाला किती मोजता ते सोडून सांगा. पोखरणला तो टिकला कशामुळे? लष्कराची फायरिंग रेंज आहे तिथे, नांगर जात नाही. म्हणजे बॉम्ब चालतात, शेतकरी चालत नाही, असंच ना?

दुर्बीणवाला

हो, तसंच आहे दुर्दैवाने. बॉम्ब अधूनमधून पडतो, नांगर दर वर्षी येतो. आणि मी पुण्याचा नाही, बार्शीचा आहे.

तारमाग

तुम्ही दोघं बांधावर भांडताय, तारांबद्दल कुणी बोलेना. मी वीज खात्यात होतो, निवृत्त झालो. पंधरा किलोचं धूड, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं धड दिसत नाही. तार दिसते तेव्हा वळायला वेळ नसतो. मी माळढोक कधी बघितला नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. पण उजनीकडच्या एका लाइनखाली सकाळी सकाळी दोन रोहित (फ्लेमिंगो) पडलेले बघितलेत, पंखाचा आतला गुलाबी भाग चिखलात उघडा. त्या दिवशी डबा उघडला नाही.

राजस्थानच्या थर वाळवंटातल्या तारांवरून सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2021 मध्ये सांगितलं जमिनीखाली घाला. सरकार म्हणालं एवढ्या दाबाच्या लाइन जमिनीखाली जमत नाहीत, सौरऊर्जेचं काय करायचं. मार्च 2024 मध्ये कोर्टाने तो आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जा कुणासाठी? तुमच्या-आमच्या एसीसाठी. शेतकऱ्याला एकट्याला का धरता?

अरुंधती_बागकाम

मी यातली तज्ज्ञ नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. मुळात सोलापूरकडे झाडंच नाहीत. जाताना खिडकीतून बघवत नाही, नुसतं उजाड. पक्षी राहणार कुठे? आमच्या गटाने गेल्या सहा वर्षांत इथल्या टेकडीवर आठशे झाडं लावली, रविवारी पहाटे कॅन घेऊन पाणी घालतो. आता तिथे बुलबुल येतात, सूर्यपक्षी येतात. तसं काही नान्नजला का करत नाही कुणी?

दुर्बीणवाला

ताई, माळढोकाला पायाला मागचं बोटच नसतं. त्याला फांदी धरता येत नाही. तो आयुष्यात झाडावर बसत नाही. ज्याला तुम्ही उजाड म्हणता ते त्याचं घर आहे.

आणि 'का करत नाही कुणी'? केलं ना! तेच तर रडगाणं आहे. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे लावा झाडं. नान्नजच्या माळावरही गिरिपुष्प लावून झालं, नंतर तेच उपटायची वेळ आली. 2019 ला राज्यात 33 कोटी झाडांचा संकल्प होता, आठवतंय? खड्डे कुठे खणले? जंगलात जागा नसते, शेतात कुणी खणू देत नाही. उरला माळ. कुसळी, पवन्या, मारवेल उपसून तिथे काठ्या रोवल्या. माळढोकाला आडोसा नको असतो, लांबवर दिसायला हवं असतं. झाडं उभी राहिली की तो जागा सोडतो.

अरुंधती_बागकाम

माहिती नव्हती, समजली, धन्यवाद. पण 'काठ्या रोवल्या' हा शब्द लागला. आमच्यात एक काका 74 वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या महिन्यात टेकडीवर आले. तुम्ही दुर्बीण लावून लांबून बघता, आम्ही माती उकरतो. झाडं लावणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवायचं असेल तर उद्यापासून घरी बसतो.

दुर्बीणवाला

गुडघ्याचा इथे काय संबंध?

पाटलांचा_नातू

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मेंढका

म्या लिवतो, चुकलं माकलं बगा. आमी धनगर. आमच्या घरात तीनशे मेंढरं हुती, आता साठ. माळावर झाडं लावली की पयलं काय होतंय ठावं हाय का? चराईबंदीचा बोर्ड. चर खणत्यात, तार मारत्यात, आनि तीन वरसानं झाड बी नसतंय आनि गवत बी नसतंय, नुसते खड्डे. पावसात मेंढरू त्यात पडून पाय मोडतंय. ते गिरिपुष्प शेरडू बी नीट तोंड लावत न्हाय. गवत कापाय कुणी येत न्हाय मग ते वाळून वणवा लागतो. आमचं मेंढरू फिरलं तर गवत नवं फुटतंय, लेंड्या पडत्यात, किडं येत्यात, किड्यावर पाखरू येतंय. हे आमच्या म्हाताऱ्याला ठावं हुतं, त्याला कुनी इचारलं न्हाय. उलटं दोन येळा दंडाची पावती फाडली.

ज्वारीचं कणीस

@मेंढका दादा, एकदम बराबर. लाख बोललात.

दुर्बीणवाला

चराई मर्यादेत असेल तर गवताला चालते, मान्य. तीनशे मेंढ्या एकाच माळावर महिनाभर बसवल्या तर कुसळीचं बूडसुद्धा राहत नाही. आणि मेंढरांबरोबर चार कुत्री असतात, ती अंड्याला विचारून पुढे जातात का?

मेंढका

आमची कुत्री मेंढरं सोडत न्हाईत. अंडी खानारी कुत्री तुमच्या ढाब्यावरली, शिळं मटण खाऊन माजलेली.

डॅलसकर

इकडे अमेरिकेत, ओक्लाहोमात टॉलग्रास प्रेअरीचं, म्हणजे उंच गवताच्या माळाचं मोठं राखीव क्षेत्र आहे. तिथे बायसन, म्हणजे इकडचे रानगवे, सोडलेत आणि दर वर्षी ठरवून गवत पेटवतात. आग लावून कुरण राखतात, झाडं वाढू देत नाहीत. आपल्याकडे हे कुणी ऐकून घेणार नाही.

तारमाग

तिकडे ठरवून पेटवतात, इकडे बिडी पेटवते. फरक एवढाच.

अरुंधती_बागकाम

मग आम्ही करायचं काय ते तरी सांगा. झाडं लावू नका, चारू नका, नांगरू नका, दिवे लावू नका. उरलं काय?

ज्वारीचं कणीस

ताई, हाच प्रश्न आम्ही 1979 पासून विचारतोय. या, आमच्या पंगतीला बसा.

दुर्बीणवाला

उरलं हे की माळाला माळ म्हणायचं. महसुलाच्या कागदावर तो 'पडीक' किंवा 'गायरान' आहे. पडीक म्हटलं की कुणालाही देता येतो. सौर पॅनलला द्या, औद्योगिक वसाहतीला द्या, नाहीतर रोपवाटिकेची शिल्लक रोपं खपवा. मोर 1963 ला राष्ट्रीय पक्षी झाला. सलीम अली माळढोकाच्या बाजूने होते. 'बस्टर्ड' या इंग्रजी नावाचा उच्चार शिवीसारखा होईल म्हणून मागे पडला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. तेव्हा झाला असता तर शाळेच्या भिंतीवर तरी गवताचं चित्र काढावं लागलं असतं.

पाटलांचा_नातू

पण आता तो राजस्थानात पिंजऱ्यात वाढवतायत ना? ऑक्टोबर 2024 ला कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं अशी बातमी होती. मग काळजी कशाला? वाढवा आणि आणून सोडा नान्नजला.

ज्वारीचं कणीस

आमच्या म्हशीला माज आला की रेतनासाठी तीन फोन करावे लागतात, चौथ्या दिवशी माणूस उगवतो, तोवर माज गेलेला असतो. आणि पाखराचं रेतन जमलं! अभिनंदन, खरंच. खोचक नाही. थोडं खोचक आहे.

दुर्बीणवाला

राजस्थानातल्या प्रजनन केंद्रात आज साठच्या वर पक्षी आहेत, ते काम खरोखर मोठं आहे. 2019 पासून रानातली अंडी उचलून उबवत तिथवर आले. पण सोडायचे कुठे? त्यांना माणसाची सवय, तारेची ओळख नाही. आणि नान्नजला सोडायचं तर चारी बाजूंनी ऊस. ऊस म्हणजे माळढोकाला भिंत.

ज्वारीचं कणीस

आता खरं सांगतो. कालपासून खाजवतंय. आमच्याही तीन एकरात ऊस आहे. चुलत्याने 2006 ला लावला, मी तोच पुढे चालवतोय. मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यावर निघाली. तेव्हा तुमचा 'दगड न मारता संपवलात' हा टोला थोडा बसला. पूर्ण नाही, थोडा. कारण त्या ज्वारीला उसाइतका नाही, उसाच्या निम्मा भाव कुणी बांधून दिला असता, 'पडीक ठेव, त्याचे एकरी एवढे घे' म्हणून वर्षाला कुणी पैसे दिले असते, तर चुलता कशाला पाण्याच्या मागे धावला असता? चित्ते विमानाने आणले 2022 ला. माळढोकासाठी आमच्या बांधावर कुणी चहासुद्धा प्यायला आलं नाही. आले ते नोटीस घेऊन.

दुर्बीणवाला

पडीक ठेवायचे पैसे द्यावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि साडेआठ हजारांची ती रेघ मूर्खपणाची होती, हेही मानतो. पुढे ती सव्वाबाराशेपर्यंत आणली, तेवढी पहिल्यापासून ठेवली असती तर तुमचे वडील ताटावरून उठले नसते. पण ती आणेपर्यंत तीस वर्षं गेली, आणि माळढोकही गेला. दोन्ही एकदम.

मेंढका

गेला म्हनू नगा. मागल्या साली भाद्रपदात म्या लांबनं एक बगितला. तरवडाच्या पल्याड हुबा हुता. मेंढरं थांबवली. अर्धा तास त्याचं चाललं, दोन ढांगा, थांबायचं, मान वर. मंग गेला ऊसाच्या कडंनं. कुनाला सांगितलं न्हाय, सांगितलं तर गाड्या येत्यात.

दुर्बीणवाला

कुठे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

मेंढका

न्हाय.

अरुंधती_बागकाम

मेंढकादादा, नका सांगू, बरं केलंत. माझा मात्र प्रश्न राहिलाच. पावसाळ्यासाठी दोनशे रोपं नर्सरीतून आधीच उचललीत, गच्चीत ठेवलीत. टेकडीचा उरलेला भाग गवताचाच आहे, परवा नीट जाऊन बघितलं तर टिटवीची चार अंडी होती खड्ड्यापासून हातभर अंतरावर. आता रोपांचं काय करू?

ज्वारीचं कणीस

ताई, आमच्याकडे पाठवा. घराभोवती आणि विहिरीच्या कडेला जागा आहे, माळाला हात लावत नाही. चिंच, आंबा, जांभूळ असेल तर भाडं मी देतो. गिरिपुष्प असेल तर टेंभुर्णीच्या अलीकडेच उतरवून टाका.