सल्ला हवा: इलेक्ट्रिक गाडीने आइंडहोवन ते कोमो, ड्रायव्हर असिस्टन्सवर कितपत विसंबावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. जुलैत आई-बाबा नाशिकहून इकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला येताहेत. त्यांना घेऊन इटलीतल्या कोमो सरोवराला जायचं ठरतंय. रस्ता व्हेनलो, कोब्लेंझ, कार्ल्सरूह, बाझेल, मग स्वित्झर्लंडमधला गॉटहार्ड बोगदा. साधारण नऊशे किलोमीटर, बाझेलच्या अलीकडे एक मुक्काम. गाडी इलेक्ट्रिक आणि अगदी नवी आहे. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि लेनच्या मधोमध ठेवणारा स्टिअरिंग असिस्ट दोन्ही आहेत, पण रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर त्यांची गरज पडत नाही. चालवणारा मी एकटाच. हे कुठे लावावं, कुठे बंद ठेवावं? वेग किती धरावा? आणि आईला गाडी लागते, त्यावर काही उपाय?

काळेजंगल
जरूर वापरा. एकट्याने चालवताना संध्याकाळी डोळे आणि खांदे किती दमलेत, यात मोठा फरक पडतो. फक्त या दोन सोयी वेगवेगळ्या समजा. अंतर राखणारा क्रूझ दिवसातला बराच वेळ चालू ठेवता येतो, स्टिअरिंग असिस्ट मात्र जागा बघून. दोन्ही चालू असले तरी कायद्याने चालक तुम्हीच, तेव्हा हात स्टिअरिंगवरच हवेत.

तुमच्या वाटेवर जर्मनीत कामं चालू असलेले पट्टे नक्की लागतील. तिथे तात्पुरत्या लेन पिवळ्या रेघांनी आखतात आणि जुन्या पांढऱ्या रेघा बऱ्याचदा तशाच राहतात. नियमाने पिवळी रेघ खरी, पण गाडीचा कॅमेरा कधी एकीला धरतो, कधी दुसरीला. अशा ठिकाणी स्टिअरिंग असिस्ट बंद करा आणि उजव्या लेनमध्येच राहा. डावी लेन बऱ्याचदा फक्त २ किंवा २.१ मीटरपर्यंतच्या गाड्यांसाठी असते आणि ते माप आरशांसकट धरतात. गाडीच्या कागदांवरची रुंदी बहुधा आरसे सोडून असते, हे आत्ताच तपासून घ्या.

दुसरी गोष्ट ट्रॅफिक जॅमची. वाहतूक मंदावली की रुग्णवाहिकेसाठी मधे वाट मोकळी करावी लागते. तिला रेटुंग्सगासे म्हणतात. सर्वात डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हे बंधनकारक आहे. असिस्ट तुम्हाला नेमका उलट, लेनच्या मधोमध ओढत राहील. तो काढा आणि स्वतः कडेला घ्या. रुग्णवाहिका दिसेपर्यंत थांबायचं नाही.

आणि कळकळीने सांगतो, जॅमच्या शेपटाशी कोणत्याही असिस्टवर विसंबू नका. चालत्या गाडीमागे ही यंत्रणा छान चालते. पण तुमच्या पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि समोर थांबलेला ट्रक उघडा पडतो, तेव्हा ती उशिरा ब्रेक लावेल किंवा लावणारही नाही. पुढे धोक्याचे दिवे लुकलुकताना दिसले की पाय ब्रेकवर हवा.

पाऊलवाट
वेगाचं सांगतो. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ११० च्या तुलनेत १३० ला तो सुमारे ४० टक्के जास्त असतो. मी क्रूझ ११५ ला लावतो. ताशी १५ किलोमीटरने जे हातचं जातं, त्यातलं बरंचसं चार्जिंगच्या कमी वेळात परत मिळतं. चार्जिंगचा थांबा गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये टाका. बहुतेक नव्या गाड्या मग बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणतात. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग रेंगाळतं, तिथेच निघा.

अंतराची सेटिंग सर्वात मोठी ठेवा. जर्मनीत ताशी वेगाच्या निम्मे मीटर असा ठोकताळा आहे, म्हणजे १२० ला ६० मीटर. सर्वात जवळच्या सेटिंगला बऱ्याच गाड्या त्याहून खूप कमी ठेवतात. आईंसाठीही हेच बरं, ब्रेक हळुवार लागतात. इको मोड ठेवा आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

तांबडीमाती
माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्याच मोठ्या प्रवासात स्टिअरिंग असिस्ट नकोच. हाताला काम नसलं की लक्ष विरतं, आणि लेन बदलताना ते पूर्ण जागं लागतं. तुम्ही १२० ला असता आणि मागून कोणी २०० ने येतो. तो दर सेकंदाला २२ मीटर जवळ येतोय. पाच सेकंदांपूर्वी तो ११० मीटर मागे होता. बाजूला गाडी असल्याचा इशारा देणारा आरशातला छोटा दिवा इतक्या लांबचं नेहमी सांगत नाही. आरसा स्वतः बघा, दोनदा बघा.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. रुंदीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आता सुट्टीच्या दिवशी व्हेनलोपर्यंत जाऊन सराव करतो, मग असिस्टचं ठरवतो. अजून एक विचारतो, गाडी वेगमर्यादेवरून सारखी बीप करते. ही सूचना कायमची बंद करता येते का?

काळेजंगल
नाही. जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे आणि गाडी सुरू केली की पुन्हा चालू होते. शॉर्टकट शोधून ठेवा. एक मात्र करा, क्रूझने पाटी वाचून वेग आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. बाहेर पडणाऱ्या फाट्यावरची किंवा 'ओल्या रस्त्यावर' असं लिहिलेली पाटी ती आपली समजते, आणि मोकळ्या हायवेवर अचानक वेग कमी करणं मागच्याला धोक्याचं आहे. तांबडीमाती यांच्याशी मी सहमत आहे, सरावाआधी स्टिअरिंग असिस्ट नको.

पाऊलवाट
गॉटहार्डचा बोगदा जवळपास १७ किलोमीटरचा, वेग ८०, आणि दोन्ही दिशांची वाहतूक एकाच नळीत, मधे भिंत नाही. तिथे क्रूझ मोठ्या अंतरावर ठेवा, हात घट्ट. जुलैत शनिवारी तोंडाशी लांब रांगा लागतात, जमलं तर मंगळवार-बुधवार निवडा. चार्जिंगच्या थांब्यावर काच आणि पुढचा बंपर पुसत जा. उन्हाळ्यात किडे इतके चिकटतात की कॅमेरा आणि रडार दोन्ही झाकतात आणि असिस्ट मधेच बंद पडतो. स्वित्झर्लंडचा ४० फ्रँकचा वर्षभराचा टोल-परवाना ऑनलाइन मिळतो. तो गाडीच्या नंबरवर असतो, घरूनच काढा.