मदत हवी आहे: छोट्या यूजर रिसर्च टीममध्ये ऑपरेशन्सचा माणूस आधी घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आमची यूजर रिसर्च टीम (उत्पादन वापरणाऱ्यांशी बोलून त्यांच्या गरजा समजून घेणारी) तिघींची आहे. आता एक जागा मंजूर होतेय आणि वरिष्ठांच्या मते ती चौथ्या रिसर्चरची असावी. मला मात्र मनापासून वाटतं की आधी ऑपरेशन्स, म्हणजे मुलाखतींभोवतीची जुळवाजुळव आणि नोंदी, सांभाळणारं कुणीतरी हवं, अर्धवेळ असलं तरी चालेल.

मुलाखतींची एक फेरी म्हणजे काय काय असतं, ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेलच. स्क्रीनरची (सहभागी निवडण्यासाठीच्या प्रश्नावलीची) उत्तरं चाळा, माणसं निवडा, मेल करा, वेळा जुळवा, ऐन वेळी कुणी आलं नाही तर म्हणून एखाद-दोघांना राखीव ठेवा, संमतीपत्रावर सही झाली का बघा, मानधनासाठी अकाउंट्सच्या मागे लागा. ज्या रिसर्चरची फेरी, तिनेच हे सगळं करायचं, आणि तिघींच्या तीन तऱ्हा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला, ५-५ जणांच्या छोट्या चाचण्या वारंवार घेण्याचा सल्ला आम्ही पाळतो. पण फेऱ्या वाढल्या की ही जुळवाजुळवही तेवढीच वाढते, याचा हिशेब कुणी धरत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. अलीकडे एका सहभागी बाईंनी संमती मागे घेतली आणि रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगितलं. मागणी अगदी रास्त होती. ड्राइव्हवरचा व्हिडिओ लगेच काढला, ट्रान्स्क्रिप्टही काढली. मग कळलं की त्यातली एक क्लिप एका डिझायनरच्या सादरीकरणात आहे आणि ते सादरीकरण मेलवरून बऱ्याच जणांकडे गेलंय. आमचे काही यूजर युरोपातले आहेत. तिथे २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि अशा विनंतीला साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, विश्वासाने आपल्याशी बोललेल्या माणसाचं बोलणं कुठे कुठे पडलंय हेच आपल्याला सांगता येऊ नये, हे मला फार लागलं.

तर, ज्यांनी सुरुवातीलाच अशी व्यवस्था उभी केली त्यांनी वरिष्ठांना कसं पटवलं? पहिलं काम कोणतं हाती घेतलं? आणि रिसर्चचे निष्कर्ष एका जागी साठवून शोधता येतील असं रिपॉझिटरीचं टूल आत्ताच घ्यावं का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

मी छोट्या टीममध्ये हेच काम करतो. वरिष्ठांशी बोलताना "ऑपरेशन्स" हा शब्दच काढू नका. पुढच्या एका फेरीत कोणत्या कामाला किती वेळ गेला ते तिघीही लिहून ठेवा आणि त्या काळात कोणता रिसर्च मागे पडला ते शेजारी मांडा. चौथी रिसर्चर आली तर तिचाही वेळ तिथेच जाणार, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पहिलं काम म्हणाल तर सहभागींची नोंदवही. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक माणसाला एक कोड द्या. नाव, फोन, मेल वेगळ्या शीटमध्ये, आणि ती फक्त एक-दोघींनाच उघडता यावी. मुख्य शीटमध्ये कोड, शेवटचा सहभाग कधी, संमती कशासाठी आणि कधीपर्यंत, मानधन दिलं का. रेकॉर्डिंग, ट्रान्स्क्रिप्ट, क्लिप, सगळ्यांच्या नावात तोच कोड. क्लिप बाहेर द्यायची तर फाइल पाठवायची नाही, लिंक द्यायची. मग कुणी संमती मागे घेतली की कोड शोधायचा आणि मूळ फाइल काढायची, लिंक आपोआप बंद पडते. शिवाय त्याच त्या उत्साही लोकांना पुन्हा पुन्हा बोलावणंही थांबतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एकच भर घालते: स्क्रीनरचे प्रश्न लिहिणं आणि अंतिम निवड रिसर्चरकडेच राहू द्या. कुणाशी बोलायचं हे ठरवणं हा रिसर्चचाच भाग आहे. तो ऑपरेशन्सकडे गेला की जे सहज मिळतात तेच लोक यायला लागतात.

रिपॉझिटरीचं टूल इतक्यात नको. आधी तिघी मिळून थोडेसेच टॅग (निष्कर्षांना लावायच्या विषयाच्या खुणा) ठरवा आणि काही फेऱ्या तेच वापरून बघा. टॅगवरच एकमत नसेल तर महागडं टूलही अडगळीची खोली होतं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. वेळेची नोंद येत्या फेरीपासून सुरू करतोय आणि कोडची पद्धत कालच्या मुलाखतीलाच लावून पाहिली. लिंकचा मुद्दा डिझायनर मंडळींनाही पटला.

आणखी एक विचारते. अर्धवेळ माणूस आला तर नाव-फोनची शीट त्याच्या हाती द्यावीच लागेल, नाहीतर तो वेळा कशा जुळवणार? अशा वेळी संमतीपत्रात त्याचा उल्लेख कसा करता? कुणाकडे वापरात असलेला मजकूर असेल तर कृपया इथे द्या.