लेकीसाठी तिच्या आईबद्दल लिहायचंय, कसं लिहू?

सांजवारा:
गेल्या वर्षी बायको गेली. कॅन्सर होता. लेक तेव्हा चार वर्षांची होती. परवा तिनं विचारलं, "बाबा, आई गाणं म्हणायची का?" रोज रात्री तिच्याच उशाशी बसून म्हणायची, आणि लेकीला ते आठवत नाहीये.

म्हणून लिहून ठेवायचं ठरवलंय. पण बसलो की 'प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख' एवढंच उतरतं. आणि ती सदा हसतमुख नव्हतीच! चिडली की कपाट आवरायला काढायची आणि शेवटचा कप्पा लागेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची. मैत्रिणीच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा स्वतःची केमो दोन दिवसांवर असताना रात्रभर तिच्याजवळ बसून राहिली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तिथं नुसतं बसायचंय, तेवढं मला जमतं."

हे असलं लिहावं का? आणि आजारपण किती लिहावं? त्या शेवटच्या वर्षानं आधीचा सगळा संसार झाकून टाकलाय.

अबोली:
दादा, मी तुमच्या लेकीच्या जागी होते. पाच वर्षांची असताना आई गेली. सगळे सांगायचे, देवमाणूस होती. मी हट्टी, तापट. मला वाटायचं, अशा बाईची मुलगी मी कशी?

कॉलेजात असताना आईची एक मैत्रीण भेटली. तिनं सांगितलं की आई वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांशीच भांडली होती, उसने घेतलेले पैसे परत करायला कायम उशीर करायची, आणि विजांना इतकी घाबरायची की पांघरुणात शिरायची. मीही घाबरते विजांना. कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला आईचा रागही आला, मायाही आली, सगळं एकदम.

तेव्हा कपाट लिहा. शेवटचं पान लिहा. आणि तिच्या मैत्रिणींना आत्ताच विचारा. लग्नाआधीची ती तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. फक्त 'तिच्याबद्दल काही सांगा' असं विचारू नका, लोक परत 'मनमिळाऊ'वरच येतात. 'ती तुझ्यावर कधी रागावली होती? तिनं तुझं कुठलं गुपित सांभाळलं?' असं विचारा.

पाटीपेन्सिल:
मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करतो. लेक विसरतेय याचं वाईट वाटणारच, पण ते वयाचं आहे. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, आणि पुढच्या दोनतीन वर्षांचंही तुटक राहतं. मात्र ज्याबद्दल घरात बोललं जातं ते जास्त टिकतं. रॉबिन फायवुश आणि एलेन रीस यांनी आईवडील मुलांशी जुन्या गोष्टी कशा बोलतात यावर बरंच संशोधन केलंय. तपशील भरत, मोकळे प्रश्न विचारत बोलणाऱ्यांची मुलं आठवणी जास्त भरून सांगतात. त्यामुळे 'हो, म्हणायची' एवढ्यावर थांबू नका. कुठलं गाणं, दिवा चालू असायचा का, तू मध्येच काय मागायचीस, हे सगळं बोला. लिहिणं त्याच्या जोडीला.

'विसरून पुढे जा' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. गेलेल्या माणसाशी नातं वेगळ्या रूपात चालू राहणं स्वाभाविक आहे, हे क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६ सालीच मांडलंय.

तारयंत्र:
थोडं कामाचं. तिचा फोन चालू आहे ना? व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं नाही तर खातं काढून टाकतं. फोनमधून ॲप काढू नका, रीसेट तर मुळीच करू नका. तिचे व्हॉइस मेसेज तुमच्या आणि मैत्रिणींच्या फोनमध्येही असतील. चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातंही काढलं जाऊ शकतं, त्यात फोटो असतील तर आधी उतरवून घ्या. फोटो खूप असतात हो, आवाज फार थोडा उरतो.

सांजवारा:
मनापासून आभार. ऑपरेशनच्या रात्रीच्या त्या मैत्रिणीला आत्ता फोन केला. म्हणाली, त्या रात्री ती नुसती बसली नव्हती, पहाटेपर्यंत शाळेतल्या नकला करून दाखवत होती. मला हे कधीच कळलं नव्हतं. व्हॉइस मेसेज तिच्याकडेही आहेत, पाठवतेय.

अबोलीताई, एक विचारतो. आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं?

अबोली:
'आई झोपलीय' असं. कित्येक महिने मला झोपायची भीती वाटायची. तुम्ही आजाराचं नाव लिहा, 'मेली' हा शब्दही टाळू नका. रुग्णालयातले तपशील एका पानाच्या वर नकोत, मोठी झाली की ती स्वतः विचारेल. पण एक वाक्य ठळक अक्षरांत लिहा आणि आजच तोंडानंही सांगा, की हे तिच्यामुळे झालं नाही. लहान मुलांना तसं वाटतं, दादा. मी आदल्या दिवशी आईशी भांडले होते, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की ती त्यामुळेच गेली.