आधी रंग, मग तेज

जिवंत प्राण्याच्या पेशी बाहेरून पाहता याव्यात म्हणून त्यांत उजेड देणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) घालतात. हे एन्झाइम जास्त तेजस्वी केलं की शरीरात खोलवरचं दिसेल, असा एक समज आहे. ते अर्धंच खरं आहे. मोठी अडचण रंगाची आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकतं; साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल उजेडच त्यातल्या त्यात बाहेर निसटतो. नॅनोल्युक हे असं एक एन्झाइम घ्या. खोल समुद्रातल्या कोळंबीच्या एन्झाइमवरून घडवलेलं, काजव्याच्या ल्युसिफरेजच्या (त्याच्या उजेड देणाऱ्या एन्झाइमच्या) जेमतेम एक तृतीयांश आकाराचं, एटीपी या पेशीतल्या ऊर्जा-रेणूशिवाय चालणारं आणि परीक्षानळीत झगझगीत. पण उजेड ४६० नॅनोमीटरचा, निळा. उंदराच्या यकृतातून बाहेर येईपर्यंत तो बराचसा विरतो.

म्हणून मला जपानच्या रिकेन संस्थेतल्या मियावाकींच्या गटाचं २०१८ चं काम फार मोलाचं वाटतं. लाल उजेड देणारा अकाल्युमिन हा कृत्रिम सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर क्रिया करून उजेड काढतं तो पदार्थ) आधीच हाताशी होता, पण काजव्याच्या मूळ एन्झाइमशी त्याचं नीट जमत नव्हतं. मग जनुकात बदल घडवत, दर फेरीला सगळ्यात उजळ निघालेले नमुने निवडत त्यांनी खास त्याच्यासाठी ‘अकाल्युक’ घडवलं. उंदराच्या फुप्फुसात अडकलेल्या एकेका पेशीचा उजेड त्यामुळे बाहेरून टिपता आला! मार्मोसेट माकडाच्या मेंदूतल्या पेशींवरही दीर्घकाळ नजर ठेवता आली.

तेव्हा नवीन एन्झाइमची तुलना करताना नुसते नळीतल्या उजेडाचे आकडे पुरेसे नाहीत. सब्स्ट्रेट रक्तातून मेंदूत शिरतो का, हेही तपासायला हवं. काजव्याच्या एन्झाइमचा नेहमीचा सब्स्ट्रेट, डी-ल्युसिफेरिन, तिथे फारच कमी पोचतो.