अनुभव धागा: जीवशास्त्राच्या प्राध्यापकाची न दिसणारी तयारी

बडोद्यात प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र शिकवणारे इथे बरेच आहेत. एम.एस. युनिव्हर्सिटीत किंवा आसपासच्या कॉलेजात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहा. आत्मचरित्र नको, मापं, वेळा आणि कुठे फसतं, तेवढं पुरे.

कांदेनवमी: पेशीविभाजन बघायचं मुळाच्या टोकाचं प्रॅक्टिकल सोमवारी असेल तर कांदे बुधवारीच पाण्यावर बसवा. वाळकी मुळं ब्लेडने खरवडायची आणि नुसतं बूड पाण्याला टेकवायचं. कांदा बुडला की कुजला. शनिवारी सकाळी 8 ते 10 मध्ये टोकं कापून कार्नॉयमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण) टाका: 3 भाग निव्वळ अल्कोहोल, 1 भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल. ते त्याच दिवशी बनवा, ठेवलं की त्यात एस्टर तयार होतं. 24 तासांनी 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढा. प्रॅक्टिकलला 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर 5 ते 10 मिनिटं. कमी पडलं तर पेशी गठ्ठ्याने राहतात, जास्त झालं तर मुळाचा चिखल. मग रंगवा आणि रंग चढलेलं टोकाचं 1-2 मिलिमीटरच घ्या. पोरं अख्खं मूळ दाबतात आणि मग 'सर, विभाजन दिसत नाही'! दाबताना अंगठा सरळ खाली, कव्हरस्लिप घसरता कामा नये.

माशीमास्तर: कांदा तरी बिचारा गरीब. फळमाशीला बडोद्याचा मे महिना सोसत नाही. 25 अंशांवर पिढी 10-12 दिवसांत येते. 30 च्या वर नर वांझ होऊ लागतात आणि बाटल्या रिकाम्या राहतात. दोष खाद्याला देऊ नका, इन्क्युबेटर बघा. खाद्य: 1 लिटर पाण्यात रवा 100 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम, अगर 10 ग्रॅम, उतरवून जरा निवल्यावर प्रोपिऑनिक आम्ल 7.5 मिलि. उकळत्यात घातलं तर ते उडून जातं, मग बुरशी ठरलेलीच. संकरासाठी माद्या कोषातून निघाल्यापासून 8 तासांच्या आत वेगळ्या करा. माश्या बेशुद्ध करायचं ईथर जास्त झालं की पंख उभे राहतात. ती माशी मेली समजा.

दप्तर: हे सगळं आठवड्याच्या 16 तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनात धरलं जात नाही. असिस्टंट प्रोफेसरला 16, वरच्या दोन पदांना 14. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018च्या नियमांत विद्यापीठात लेव्हल 12 वरून 13ए ला, म्हणजे असिस्टंटवरून असोसिएट प्रोफेसर पदाला जायला 7 शोधनिबंध, त्यातले 3 मूल्यमापनाच्या काळातले; प्रोफेसर व्हायला 10, पुन्हा 3 त्या वेळच्या मूल्यमापनाच्या काळातले. घोडं अडतं ते या 3 वर, एकूण आकड्यावर क्वचितच. निबंध छापून आला की त्याच दिवशी पहिलं पान फाइलला लावा. पीएचडीच्या जागा असिस्टंटला 4, असोसिएटला 6, प्रोफेसरला 8. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही.

हर्बेरियम: वाळवलेल्या रोपांच्या संग्रहासाठी जांबुघोडा अभयारण्याची सहल ठरवताना वनखात्याची परवानगी आधी काढा, तिथून उपटलेलं रोप कागदावर चिकटवून दाखवायची हौस महागात पडते. जुलैत रोपं दाबून वाळवताना मधले कागद पहिले 4-5 दिवस रोज बदला. एक दिवस राहिला तर पानं काळी पडतात, आणि फूल तर आधीच गेलेलं असतं.