‘वैयक्तिक’ आणि ‘खासगी’: माहितीच्या संदर्भात

प्रश्न
तंत्रज्ञान कंपन्या लोकांची जी माहिती गोळा करतात, तिला काही जण ‘वैयक्तिक’ म्हणतात, तर काही जण ‘खासगी’. हे शब्द समानार्थी मानावेत का? ‘माझे खासगी असे काही नाही, मग काळजी कशाला?’ या युक्तिवादात कोणता अर्थ गृहीत धरलेला असतो?

प्रतिसाद १
समानार्थी मानू नयेत. जे चारचौघांत उघड व्हावे असे वाटत नाही ते खासगी. जे एका विशिष्ट व्यक्तीशी जोडता येते ते वैयक्तिक, मग ते जगजाहीर का असेना. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) नियम दुसरा अर्थ धरतो: ज्या व्यक्तीची ओळख पटलेली आहे किंवा पटू शकते, तिच्याविषयीची कोणतीही माहिती त्याच्या कक्षेत येते, आणि ठावठिकाण्याची नोंदही त्यात मोडते. फोन रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे असतो, यांतली एकही गोष्ट सहसा गुपित नसते. परंतु दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की घर कळते, कामाची जागा कळते आणि बहुधा माणूसही कळतो. म्हणून वरील युक्तिवाद खासगीपुरता खरा असला, तरी कंपन्यांच्या संग्रहाला तो लागूच होत नाही.

‘निनावी’ हा शब्द तर याहून सैलपणे वापरला जातो. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने २००६ मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तिच्या शोधयंत्रावर केलेले शोध, नावांच्या जागी क्रमांक घालून, संशोधनासाठी खुले केले आणि काही दिवसांतच पत्रकारांनी निव्वळ त्या शोधांवरून एका महिलेला गाठले. अशा माहितीला फार तर ‘टोपणनावी’ म्हणावे. युरोपीय नियमानुसारही ती वैयक्तिकच राहते.

प्रतिसाद २
यात ‘विकणे’ या क्रियापदाची भर घालावी. ‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ हे विधान अनेकदा शब्दशः खरे असते, कारण जाहिरातदाराला माहिती दिली जात नाही, तर ठरावीक वयाच्या आणि आवडीच्या लोकांसमोर जाहिरात झळकवण्याची संधी विकली जाते. माहिती कंपनीकडेच राहते आणि पुन्हा पुन्हा कमाई करून देते. तेव्हा ती किती काळ ठेवली जाते आणि दुसऱ्या कोणत्या नोंदींशी जोडली जाते, हे विचारलेले बरे. गोपनीयता धोरणांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘आवश्यक असेल तितका काळ’ एवढेच सापडते. आवश्यक कोणाला, याचा त्या वाक्यात उल्लेख नसतो.