हर-टू २+ : नेरुळच्या आमच्या बी विंग ग्रुपवरून

स्मिता ७०४: ताईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा राहिलेला रिपोर्ट आला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू २+. म्हणजे दुसरी स्टेज का हो? घरात कोणी जेवलेलं नाही.

देशमुख ३०१: काळजी करू नकोस बाळा. गव्हांकुराचा रस, २१ दिवस. व्हिडिओ टाकतो 🙏

वैशाली काकू २०२: देशमुख भाऊ, व्हिडिओ राहू द्या. स्मिता, स्टेजशी याचा काही संबंध नाही गं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी २६ वर्षं गेली, म्हणून सांगते, जरा लांबेल.

ईआर, पीआर म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं, ती या गाठीत नाहीत. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. 'वाढ' हा निरोप ते आत पोचवतं. थोडं थोडं ते तुझ्यामाझ्या पेशींवरही आहे. काही गाठींत त्याच्या जनुकाच्या दोनाच्या जागी ढीगभर प्रती होतात आणि आवरणावर या प्रथिनाची नुसती दाटी. मग ती एकमेकांना चिकटतात आणि बाहेरून हुकूम नसला तरी निरोप धाडत सुटतात. पेशी विभागत राहते, जागा सोडून पसरायलाही लागते. स्तनाच्या १०० कर्करोगांत साधारण १५ ते २० असे.

लॅबमध्ये या प्रथिनावर रंग चढवून बघतात. २+ म्हणजे रंग अर्धवट चढला. ०, १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, २+ असेल तर फिश टेस्ट करायची.

रोहन ५०२: फिश?? 😄

वैशाली काकू २०२: बांगडा नव्हे रे मेल्या. जनुकाच्या प्रती चमकत्या रंगाने मोजतात. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याच ब्लॉकवर होते, पुन्हा सुई नाही.

स्मिता ७०४: पॉझिटिव्ह निघालं तर?

वैशाली काकू २०२: १९८७ साली अमेरिकेतले डॉक्टर डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं की या प्रती जास्त, तिथे आजार लवकर उलटतो. तेव्हा ऐकून पोटात गोळाच यायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. ते याच प्रथिनाला बाहेरून पकडतं. आता पॉझिटिव्ह म्हणजे औषधाला नेम धरायला जागा. हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात.

देशमुख ३०१: लाखात जातं म्हणे?

वैशाली काकू २०२: आता भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच इथली औषधं, मिळतात. तरी स्वस्त नाहीच, खोटं कशाला बोलू. पण आधी फिश होऊ दे.

स्मिता ७०४: खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात दाखवायचं म्हणतोय.

वैशाली काकू २०२: दाखवा ना. नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून मेणाचा ब्लॉक मागून घ्या. आणि त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघ.

रोहन ५०२: स्मिताताई, उद्या सकाळी मी सोडतो लॅबला. ९ ला खाली ये.